खंडेनवमीस पुली बसविली त्याचे वर्तमान

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमी, बुधवार, सकाळी सात वाजून वीस मिनिटांस हेमलताबाई रणनवरे यांच्या गाडीची पुली फुटली. प्रथम नमन त्या विनायकास, ज्याच्या वाहनास पट्टा नाही, पुली नाही आणि तेल घालावे लागत नाही. दुसरे नमन त्या जगदंबेस, जिच्या नवमीस साऱ्या मुलुखाची हत्यारे पाटावर बसतात आणि कोणी उचलीत नाही. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. खिंडीच्या अलीकडे आहे, येवढे पुरे. पाहिले ते पाहिले म्हणून आणि ऐकिले ते ऐकिले म्हणून लिहिले आहे. गावातल्या वेळा बाईंच्या सोप्यातील भिंतीवरच्या घड्याळाच्या आहेत आणि ते घड्याळ दोन मिनिटे पुढे असते.

पूर्वपीठिका ऐसी जे, बाईंचे यजमान कैलासवासी गणपतराव गेल्या भाद्रपदाच्या आदल्या भाद्रपदी निवर्तले आणि मागे एक पांढरी गाडी राहिली, तेरा वर्षांची, डिझेलवर चालणारी. बाईंस गाडी चालवणे येत नव्हते. मग गाडीची किल्ली धाकटे दीर दत्ताजीराव यांच्या खुंटीवर गेली आणि बाईंस कोठे जाणे जाहले तर दोन घरे टाकून पलीकडे जाऊन पुसावे लागे. बाईंचे माहेर बारा कोसांवर. तेथे मातोश्री, वय चौऱ्याऐंशी, दर रविवारी उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसतात आणि लेक येते की नाही ते पाहतात. वर्षात बाईंनी अकरा वेळा गाडी मागितली, चार वेळा मिळाली. सात वेळा दत्ताजीराव म्हणाले, "वहिनी, बघू की." मग बाईंनी कोणास न पुसता चैत्रात शिकाऊ परवाना काढिला आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी, पाने उठल्यावर, भावकीसमोर बोलल्या की गाडी मी चालवणार. तेव्हां दत्ताजीराव सुपारी कातरीत होते, ते हातचा अडकित्ता खाली ठेवून बोलते जाहले, "चालवा की. दसऱ्याच्या आत पक्का परवाना दाखवा, किल्ली तुमची. नाही दाखवला तर दसऱ्याला गाडी सीमोल्लंघन करून माझ्या अंगणात येईल, आणि पुन्हा हा विषय नाही." भावकीने माना डोलावल्या. बाईंनीही डोलावली. पहिल्या परीक्षेस, आठाचा आकडा काढताना, दुसऱ्या वळशास निरीक्षकाने शिट्टी वाजविली म्हणजे नापास केले. दुसरी परीक्षा आज दुपारी एक वाजता. शिकाऊ परवान्याची मुदतही आजच सरणार. उद्या दसरा, परवान्याची कचेरी बंद.

आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे. बाईंचा उजवा खांदा दीड वर्ष आखडलेला आहे, हात कानापलीकडे जात नाही. परंतु गाडीस पॉवर स्टेअरिंग आहे. इंजिनापुढे एक पंप आहे, त्याच्या दांडीवर ताटलीएवढी लोखंडी पुली आहे, पुलीवरून रबरी पट्टा फिरतो, पट्टा पंपास फिरवितो आणि पंप तेलाच्या जोराने स्टेअरिंगचे चाक हलके करितो, ऐसे की दोन बोटांनी वळावे. पंप नाही तर चाक जात्यासारखे जड. आणि तोच एक पट्टा पुढे पाण्याच्या पंपास व डायनामोसही फिरवितो, म्हणून पुली गेली की केवळ चाक जड होऊन भागत नाही, गाडीच उभी राहते.

आता फुटली कैसी ते. सकाळी सात वाजता दत्ताजीराव स्नान करून, कपाळी गंध लावून, पूजेचे ताट घेऊन आले, कारण वर्ष सरले होते आणि घरात सण सुरू होणे उचित होते. त्यांनी बॉनेट उघडिले, इंजिनास हळदकुंकू वाहिले, नारळ फोडिला आणि झेंडूची हातभर माळ इंजिनाच्या गळ्यात घातली आणि पडू नये म्हणून सुतळीने दुहेरी बांधिली. बाई तोवर सरावासाठी गाडीत जाऊन बसल्या होत्या. दत्ताजीराव म्हणाले, "करा सुरू, वहिनी, देवाचं नाव घेऊन." बाईंनी दिरांनी आणून दिलेली किल्ली फिरविली. सुतळीचे शेपूट लोंबत होते ते पट्ट्यात गेले आणि माळ ओढिली गेली आणि गाठ पट्टा व पुली यांच्यामध्ये सापडली, आणि मोठा किंकाळीसारखा आवाज होऊन पट्टा उडाला आणि झेंडू अंगणभर जाहला. बाईंनी तत्काळ इंजिन बंद केले. खाली उतरून पाहतात तो पुलीची कड मुडपलेली आणि मधोमध तडा आरपार. हा तडा केसाएवढा पूर्वीही होता, ते गणपतरावांस ठाऊक होते. सुतळीने फुटली की तड्याने, आणि सुतळी भक्तीने बांधिली की आणखी कशाने, यास साक्ष नाही. दत्ताजीराव येवढेच बोलले, "अरे अरे अरे." मग घड्याळाकडे पाहिले.

मग बाईंनी फोनवर फोन लाविले. गावात गॅरेजे तीन. पहिल्याने सांगितले, "पूजा मांडलीय, ताई. परवा या." दुसऱ्यानेही तेच सांगितले. तिसऱ्याने विचारिले की प्रसादाला येता का. त्या मुलुखात खंडेनवमीस पाना, पकड, कानस, हातोडा, सगळी हत्यारे घासूनपुसून पाटावर मांडतात, फुले वाहतात, आणि दसरा उजाडेपर्यंत कोणी बोट लावीत नाही. भाड्याची गाडी करावी म्हटले तर परीक्षेस ती चालत नाही. आणि परीक्षेच्या मैदानावरची शिकवणीची गाडी बिनपंपाची, तिचे चाक बाईंच्या खांद्यास झेपणारे नव्हते. दत्ताजीराव पायरीवर बसले आणि म्हणाले, "देवाच्या मनात नाही म्हणायचं. माझ्या मनात काही नाही हं वहिनी."  बाई आत गेल्या आणि माळ्यावरून गणपतरावांची पत्र्याची पेटी ओढून काढिली, डाव्या हाताने, कारण उजवा वर जात नाही. आठ वाजून पस्तीस मिनिटे जाहली होती. पेटी वर्षभर उघडिली नव्हती आणि म्हणूनच आजच्या पूजेतही बसली नव्हती. पेटीत पाने होते, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली कोरी पुली होती, आणि तीसोबत गणपतरावांच्या हातचा चिठोरा: 'हातोडा मारू नये. दांडीचे टोक व पुलीचे तोंड एका पातळीत येताच थांबावे. घाई करू नये.' बाई चिठोऱ्यास म्हणाल्या, "घाई करू नये म्हणे! दोन वर्षं आणून ठेवलीत, केलीत का घाई?" आणि पदराने नाक पुसले. पेटीच्या तळाशी आणखी एक लोखंडी अवजार निघाले, दोन जबड्यांचे, मध्ये लांब बोल्ट, कडेला सुटे नट. तो पुलर. पुली दांडीवर घट्ट दाबून बसविलेली असते, ती ओढून काढण्याचा आणि नवी दाबून बसविण्याचा साज तोच. त्यावर छिन्नीने अक्षरे कोरलेली: ना. लो.

ना. लो. म्हणजे नामदेव लोहार, शेजारचे, साखर कारखान्यातून निवृत्त जाहलेले फिटर, वय एकाहत्तर. बाई पुलर घेऊन त्यांच्या ओसरीवर गेल्या. नामदेवअण्णांची हत्यारे पाटावर ओळीने बसलेली होती, थोरापासून धाकट्यापर्यंत, जणू दरबार भरला आहे, आणि ओळीत एके ठिकाणी हत्यार नव्हते, तेथे विड्याच्या पानावर एक सुपारी मांडली होती. अण्णांनी पुलर पाहिला आणि उठून उभे राहिले आणि डोळे भरून आले आणि बोलले, "आरं माझ्या राजा! दोन वर्सं झाली, सगळा गाव पालथा घातला. गणपतरावानं नेलावता व्हय?" बाई म्हणाल्या, "अण्णा, आत्ता वापरायचाय. अकरा-साडेअकरापर्यंत पुली बसली तर मी पोचते." अण्णांचा चेहरा उतरला. म्हणाले, "आज न्हाय, वैनीसाहेब." आणि उजवा हात पुढे केला, तर्जनीचे पेर नव्हते. "अठ्ठ्याऐंशी साली साहेब म्हनला, नवमी-बिवमी कारखान्याला न्हाय, लाव हात. लावला. ह्ये बघा." बाई म्हणाल्या, "पण हा पुलर पूजेत कुठे बसलाय? माझ्या माळ्यावर होता." अण्णांनी पाटाकडे बोट दाखविले, उरलेले. "त्याच्या जागी सुपारी बशिवलीया की. दोन वर्सं बशिवतोय. सुपारी बसली म्हंजे त्योच बसला."

हा प्रश्न मोठा पडला. प्रतिनिधी पूजेत असता धनी मोकळा की बांधलेला, याचा निर्णय करणारा शास्त्री त्या आळीत कोणी नव्हता, आणि नऊ वाजून अठरा मिनिटे जाहली होती. दत्ताजीराव मागोमाग आले होते, ते दारातून म्हणाले, "अण्णा बरोबर बोलतात. सुपारी म्हणजे तोच." तेव्हां नामदेवअण्णांच्या मंडळी गोदाक्का स्वयंपाकघरातून कणकेच्या हातांनी बाहेर आल्या आणि बोलत्या जाहल्या, "मी म्हायेरी असले की ह्यो मानूस सुपारी लावून सत्यनारायण करतो का न्हाई? करतो. मग मी तकडं म्हायेरात भाकरी थापायची थांबती व्हय? हितं सुपारी पूजेला बसली, तकडं बाई कामाला मोकळी. पुलरचं बी तसंच. घ्या, हेमाताई, न्या."  अण्णांनी मान खाजविली आणि दोनदा सुपारीकडे पाहिले आणि एकदा गोदाक्कांकडे, आणि म्हणाले, "मी हात लावनार न्हाय. तोंडानं सांगंन." दोन्ही हात काखेत घातले आणि तैसेच अनवाणी बाईंच्या अंगणात आले.

नऊ वाजून पन्नास मिनिटांस मोहीम सुरू जाहली. अण्णा चाकाजवळ उकिडवे बसले आणि हनुवटीने दाखवू लागले, आणि बाई बॉनेटात वाकल्या आणि पुलरचे दोन जबडे पुलीच्या बुंध्याच्या खाचेत अडकविले, आणि जबडे सुटू नयेत म्हणून त्यांवर लोखंडी कडे सरकविले, आणि मधला बोल्ट दांडीच्या टोकावर आणिला. "आता एक पाना धरून ठिवा, दुसरा फिरवा. सरळ. तिरका गेला तर दांडी खाईल." बाईंनी फिरविला. हलेना. डाव्या हाताने जोर पुरेना आणि उजवा खांद्यातून कळ देई. दहा वाजले. दत्ताजीराव म्हणाले, "मी फिरवू?" बाई म्हणाल्या, "नको, भाऊजी. माळ तुम्हीच घातलीत तेवढं पुरे." मग गोदाक्का घरातून चुलीची फुंकणी घेऊन आल्या, लोखंडी, दीड हात लांब, आणि ती पान्याच्या दांड्यावर चढविली, म्हणजे पाना लांब जाहला. बाईंनी फुंकणीवर दोन्ही हातांनी नव्हे, अंगाचा भार घातला. कुरकुर ऐसा आवाज जाहला. "आली!" अण्णा ओरडले आणि हात काखेतून निघाले आणि पुन्हा आत गेले. पाव वळसा, मग थांबणे, मग पाव वळसा. दहा वाजून छत्तीस मिनिटांस जुनी पुली सुटून बाईंच्या मांडीवर पडली आणि साडीस काळा डाग जाहला तो अद्याप आहे.

आता नवी बसविणे, आणि काढण्याहून बसविणे कठीण. दांडीच्या पोटात आटे असतात, त्यांत लांब बोल्ट घालून, त्यावरचा नट फिरवीत पुली आत दाबीत न्यायची, सरळ, आणि टोक व तोंड एका पातळीत येताच थांबायचे. कमी गेली तर पट्टा तिरका चालून उडतो, जास्त गेली तर पंपास घासते. अण्णा म्हणाले, "आन ठोकायचं न्हाय. आत बारीक बेरिंग हाय, सील हाय. एक ठोका आन त्येल गळतंया. आज न्हाय गळलं तर उद्या." बाई नट फिरवू लागल्या. अर्धी वाट सुखरूप गेली. अकरा वाजून चार मिनिटांस पुली अडली. फुंकणी लाविली तरी हलेना, आणि बोल्ट वाकतो की काय ऐसे वाटू लागले. अण्णांनी मान वाकडी करून पाहिले आणि म्हणाले, "दांडीवर गंज हाय. बाहेर घ्या, पालिश पेपर मारा, तेलाचं बोट लावा, पुन्हा घाला." पुन्हा म्हणजे अर्धा तास. बाई पॉलिश पेपर शोधण्यास आत पेटीकडे गेल्या. पेटीत हात घालतात तो बाहेरून ठाण्णकन आवाज आला.

काय जाहले ते नामदेवअण्णांच्या सांगण्यावरून लिहितो, कारण बाई आत होत्या. दत्ताजीराव बाराव्यांदा घड्याळ पाहून उठले आणि स्वयंपाकघराच्या मागल्या दारी पाट्यावर वरवंटा होता तो उचलिला, आणि म्हणाले, "हत्यारं पूजेत आहेत, वरवंटा कुठे आहे?" आणि पुलीच्या तोंडावर एक ठोका घातला. अण्णा ओरडले, परंतु हात काखेत होते आणि काढीपर्यंत ठोका पडला होता. अण्णांनी हे सांगताना दोनदा आपल्या हातांकडे पाहिले. बाई धावत बाहेर आल्या. दत्ताजीराव वरवंटा घेऊन उभे होते आणि चेहरा पांढरा होता. "एकच मारला, वहिनी. हलली बघा. पाव इंच हलली. वेळ जातोय म्हणून..." अण्णा म्हणाले, "ह्यो पंप हाय, दत्ताजीराव, मिरच्या न्हाईत!"  बाईंनी दिरांच्या हातून वरवंटा काढून घेतला आणि नेऊन पाट्यावर ठेविला, जेथे होता तेथे, आणि परत आल्या आणि पुली बाहेर ओढून घेतली, आणि दांडी पॉलिश पेपरने घासली, आणि पंपाच्याच डब्यातल्या तांबड्या तेलाचे बोट फिरविले, त्यात थोडे सांडले, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ठोक्याने पुली हलली हे खरे. आत आणखी काय हलले ते बाहेरून दिसत नव्हते.

अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटांस फूटपट्टी आडवी धरून पाहिली तो दांडीचे टोक आणि पुलीचे तोंड एका पातळीत, नखभरही उणे-अधिक नाही. तेथे बाईंनी थांबणे केले. मग बॉनेटच्या झाकणास पट्ट्याच्या वाटेचा नकाशा चिकटविलेला होता, अर्धा पुसलेला, तो पाहून पट्टा एकेका चाकावरून नेला आणि ताणाच्या चाकास पाना घालून, गोदाक्कांनी फुंकणी दाबली आणि बाईंनी पट्टा चढविला. बारा वाजता इंजिन सुरू केले. पट्टा फिरला. किंकाळी नाही. बाईंनी उभ्या गाडीत स्टेअरिंग डावीकडे शेवटास नेले आणि उजवीकडे शेवटास नेले, आणि ते लोण्यातून फिरावे तैसे फिरले. गोदाक्कांनी कडाकडा बोटे मोडिली. अण्णा हसले नाहीत. त्यांनी पंपाखाली ताटली ठेवविली आणि म्हणाले, "धा मिंट." दहा मिनिटे इंजिन चालू होते, झेंडूच्या पाकळ्या पंख्याच्या वाऱ्याने उडत होत्या. बारा वाजून बारा मिनिटांस ताटलीत पाहिले. एक थेंब होता, तांबडा, मसुरीएवढा. बाईंनी विचारिले, "अण्णा, हा मघाचा सांडलेला ओघळलाय की आतून गळतोय?" अण्णांनी पुष्कळ वेळ थेंबाकडे पाहिले. "दोन्हीचा रंग एकच, वैनीसाहेब. अर्धा दिस ठिवली तर सांगीन." अर्धा दिवस नव्हता. दत्ताजीराव हळू आवाजात म्हणाले, "खिंडीत चाक अडकलं तर? नका जाऊ, वहिनी." हे काळजीने म्हटले की कराराच्या आठवणीने, ते ज्याचे त्यास ठाऊक. बाईंनी ताटली उचलून तुळशीच्या कट्ट्यावर ठेविली, वाटेत लागला तर म्हणून पुलर डिकीत ठेविला आणि चालकाच्या जागी बसल्या. "भाऊजी, चला. शिकाऊ माणसाशेजारी परवानावाला लागतो, आणि घरात परवाना तुमच्याचकडे आहे."

नामदेवअण्णा फाटकापर्यंत आले आणि काचेतून वाकून बोलले, "पुलर परत घेऊन या. त्यो घरी येईस्तवर मी सुपारी उचलनार न्हाय." बारा वाजून सोळा मिनिटांस स्वारी कूच जाहली. सात कोसांची मजल. बाई दोन्ही हात चाकावर ठेवून, डोळे रस्त्यावर ठेवून, कान पंपाकडे ठेवून चालवीत होत्या. जराही चिर्र जाहले की पाठ ताठ होई. दत्ताजीराव शेजारी मांडीवर तळवे पालथे घालून बसले होते. पाव वाट सरल्यावर म्हणाले, "सुतळी मी दुहेरी बांधली. माळ पडू नये म्हणून." बाई म्हणाल्या, "हं." आणखी एक फर्लांगाने म्हणाले, "आणि वरवंटा..." बाई म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? तुम्हाला गाडी हवीय, की मी विचारायला यायला हवीय?" दत्ताजीरावांनी खिडकीबाहेर पाहिले. ऊस होता, एकीकडेही तोच आणि दुसरीकडेही तोच. मग म्हणाले, "खिंड आली. दुसरा टाका." बाईंनी दुसरा गिअर टाकला. खिंडीत सात वळणे आहेत. सातही हलकी गेली.

एक वाजून तीन मिनिटांस कचेरीच्या मैदानावर पोचले. पुढे सहा गाड्या होत्या. चुन्याने आठाचा आकडा आखलेला, मध्ये दोन्ही वळसे एकमेकांस कापतात तेथे फुली. निरीक्षक, छत्री घेतलेला, गळ्यात शिट्टी. बाईंनी इंजिन बंद केले आणि खाली वाकून गाडीच्या पोटाखाली पाहिले. मैदान तांबड्या मातीचे. तांबडा थेंब असला तरी दिसणे नव्हते. एकामागून एक चार गाड्या पास जाहल्या, दोघांस शिट्टी वाजली. एक वाजून एकोणपन्नास मिनिटांस बाईंचे नाव पुकारिले. दत्ताजीराव उतरले, कारण परीक्षेत शेजारी आप्त बसत नाही, आणि दार लावताना थांबून म्हणाले, "वहिनी, उजवा वळसा मोठा घ्या. खांद्याला ओढ कमी बसेल." बाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि मान हलविली आणि गाडी सुरू केली. पहिला वळसा डावीकडचा. चुन्यास चाक न लागता पुरा जाहला. गाडी मध्यावर आली. तेथून उजवीकडे, जेथे मागल्या खेपेस शिट्टी वाजली होती. बाईंनी उजवा वळसा मोठा घेतला आणि चाक फिरवू लागल्या आणि चाक जड लागले. पंप जड जाहला की खांदा, हे त्या क्षणी बाईंस कळले नाही. बॉनेटाखालून बारीक चिर्र आले. त्यांनी हात सोडिला नाही.

सारांश इतकाच की सात वीसला फुटलेली पुली अकरा एक्केचाळीसला बसली, फुंकणीने, पुलरने आणि गोदाक्कांच्या न्यायाने. वरवंट्याचा ठोका एक. ताटलीत थेंब एक. मैदानावरचे वर्तमान दत्ताजीरावांनी कुंपणाशी उभे राहून फोनवर नामदेवअण्णांस कळविले आणि एक वाजून बावन्न मिनिटांस फोन तुटला. तेव्हां गाडी फुलीच्या पुढे गेली होती, चालत होती. निरीक्षकाने शिट्टी ओठांस लाविली होती, वाजविली नव्हती. पुलर अजून घरी आला नाही, म्हणून सुपारी पाटावर आहे.